गोठ्यापासून शेगडीपर्यंत: कुडाळ तालुक्यात बायोगॅसचे पाइप मोजताना

पावसाळा संपल्यावर कुडाळ तालुक्यातल्या काही घरांचे बायोगॅस पाहून आलो. सगळीकडे तक्रार एकच: टाकी भरलेली असते, पण शेगडीला जोर नसतो. दोष नेहमी शेणाला किंवा संयंत्राला दिला जातो. मला आधी पाइप तपासायचा होता.

सोबत नेलेलं साहित्य साधं: गवंड्याची पारदर्शक लेव्हल ट्यूब, टेप, व्हर्नियर (व्यास बारकाईने मोजायचं साधन), साबणाचं पाणी आणि कॅल्क्युलेटर. ट्यूब यू आकारात बांधायची, अर्धी पाण्याने भरायची आणि एक टोक गॅसच्या नळाला लावायचं. दोन पातळ्यांमधला फरक म्हणजे गॅसचा दाब, मिलिमीटर पाण्यात. याहून महाग काही लागत नाही.

ज्या घरी सर्वांत जास्त शिकायला मिळालं, तिथे तरंगत्या टाकीचं (गॅस साठेल तशी टाकी वर-खाली होते ते) संयंत्र खाली माडांच्या बागेत आणि घर वर होतं. मधे शंभर मीटर बागेला पाणी द्यायचा होज पाइप. घरातल्या काकी म्हणाल्या, “एक बर्नर बरो चलता. दुसरो लावलो काय दोनय बारीक जातत.” या एका वाक्यात अर्धं निदान होतं.

दोन्ही बर्नर बंद ठेवून मोजलं. टाकीजवळ 90 मिमी, स्वयंपाकघरात 60. गॅस वाहत नसताना पाइपात घर्षण नसतं, त्यामुळे दोन्हीकडे दाब सारखा हवा. फरक दिसला की समजायचं, पाइपाच्या झोळात पाणी साचलंय. वाहून येणारा गॅस बाष्पाने संपृक्त असतो. 35 अंशांचा गॅस 20 अंशांपर्यंत थंड झाला तर दर घनमीटरमागे सुमारे 22 ग्रॅम पाणी सुटतं. पाइप जमिनीवर वाकडातिकडा टाकला की ते खोलगट जागी अडतं आणि त्या पाण्याच्या उंचीएवढा दाब खातं. आम्ही पाइप सोडवून पाणी काढलं, तेव्हा दोन्हीकडे 90 आले.

मग दोन्ही बर्नर पेटवले. शेगडीपाशी 48! हे 42 मिमी मात्र घर्षणाचे होते.

आता हिशेब. घरगुती पाइपात बायोगॅस इतका संथ वाहतो की प्रवाह बहुधा स्तरीयच, म्हणजे भोवऱ्यांशिवाय, असतो. 60 टक्के मिथेन धरून मी हे सोपं रूप काढलं आहे: आतल्या व्यासाचा (मिमी) चौथा घात काढा, म्हणजे व्यास × व्यास × व्यास × व्यास, तो चालेल तेवढ्या दाबाच्या घटीने (मिमी पाणी) गुणा, मग 15,000 आणि लांबी (मीटर) यांच्या गुणाकाराने भागा. उत्तर येतं ते ताशी घनमीटर. मात्र हा प्रवाह व्यास भागिले 15 पेक्षा कमी असेल तरच सूत्र धरायचं.

एका साध्या बर्नरला ताशी सुमारे 0.45 घनमीटर लागतो, दोन बर्नरना 0.9. होजचा आतला व्यास 12.5 मिमी भरला. त्यातून 0.9 न्यायचा तर (हा प्रवाह सूत्राच्या मर्यादेच्या, 0.83 च्या, किंचित वर आहे) निदान 55 मिमी घट होणार, म्हणजे टाकीचा निम्म्याहून जास्त दाब वाटेतच संपणार. म्हणून गॅसही कमीच, ताशी 0.7 च्या आसपास पोचत होता. त्याच अंतराला अर्धा इंची जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप (आतून 16 मिमी), घातला तर घट 20 मिमी, पाऊण इंचीत (21.6 मिमी) फक्त सहा. व्यासाचा चौथा घात असल्यामुळे एवढा फरक पडतो. वाडीतल्याच दुसऱ्या घरी पाऊण इंची पाइप आहे. तिथे दोन्ही बर्नर चालू असताना पाच-सहा मिमीच घट दिसली. काकींना पाऊण इंचीच सुचवला.

प्रत्येक अर्धा इंची एल्बोसाठी (काटकोनी वळणासाठी) लांबीत अर्धा मीटर वाढवा. घट शक्यतो 20 मिमीच्या आत राहू द्या. बाहेरचा व्यास धरून हिशेब करू नका. व्हर्नियर त्यासाठीच न्यायचं. घर वर आहे म्हणून काळजी नको, बायोगॅस हवेपेक्षा किंचित हलका असतो, दहा मीटर चढाने काहीच बिघडत नाही.

जनरेटर चालवायचा असेल तर हे सूत्र पुरत नाही. ताशी चार घनमीटर, 60 मीटर अंतर आणि 20 मिमी घट धरली तर आतून 27 मिमी लागतात. एक इंची पाइप अगदी काठावर बसतो, म्हणून सव्वा इंची घ्या.

असं मोजायला जाणाऱ्यांनी घरच्यांना विचारून सकाळचा स्वयंपाक उरकल्यावर जावं. टाकीत गॅस शिल्लक असतो आणि कुणाची भाकरी अडत नाही. गळती साबणाच्या पाण्यानेच शोधायची, काडी कधीही ओढायची नाही. पाइपाला शंभराला एक उतार द्या आणि सर्वांत खालच्या जागी वॉटर ट्रॅप, म्हणजे साचलेलं पाणी बाहेर काढणारी पाण्याने भरलेली यू नळी, बसवा. त्या नळीची उंची संयंत्राच्या जास्तीत जास्त दाबाहून अधिक हवी. तरंगत्या टाकीला 30 सेंटीमीटर पुरतात. दीनबंधूत, म्हणजे पक्क्या घुमटाच्या संयंत्रात, दाब मीटरभराच्या जवळ जातो, तिथे आखूड ट्रॅपमधलं पाणी उडून गॅस मोकळा सुटतो. तिथे सव्वा मीटर ठेवा. आणि दीनबंधूचा पाइप ठरवताना हिशेब भरल्या घुमटावर नको, गॅस संपत आल्यावर उरणाऱ्या दाबावर करा.