तेल लावलेल्या केसांखालचा मेंदू

बुधवार, रात्री

फोनवर वेळ ठरवताना मी आता आधी केसांची चौकशी करते. तेल कधी लावलं होतं, सकाळी शाम्पू करून येता येईल का, केस किती लांब आहेत. आणि त्याच्या जोडीला, कोणत्या वारी डोक्यावरून न्हात नाही तेही विचारते. पुण्यातल्या आमच्या प्रयोगशाळेत सध्या साठीच्या पुढच्या लोकांचा ईईजी, म्हणजे डोक्याच्या त्वचेवरून मेंदूच्या विद्युत लहरींची नोंद, काढायचं काम चालू आहे. या वयाच्या कितीतरी बायका ठरावीक वारी किंवा उपासाच्या दिवशी केस धूत नाहीत. तो दिवस टाळून बोलावलं की त्यांना अवघडल्यासारखं होत नाही आणि माझंही काम नीट होतं. मेंदूविज्ञानाच्या कोणत्याही पुस्तकात हे लिहिलेलं मी पाहिलं नाही, पण तांत्रिक साहाय्यकाच्या कामाची खरी सुरुवात इथूनच होते.

आज आलेल्या आजी मात्र तेल लावूनच आल्या. चापूनचोपून घातलेला अंबाडा, त्यावर मोगऱ्याचा छोटासा गजरा. सोबतची सून म्हणाली, "मी सांगितलं होतं हो त्यांना." आजी म्हणाल्या, "अगं, बाहेर जायचं तर केस असे भुरभुरते कसे ठेवायचे?" त्यांचं काही चुकलं असं मला वाटलं नाही. कुणीतरी मानाने बोलावलंय म्हणून त्या नीट आवरून आल्या होत्या.

तेलाने नेमकं काय अडतं ते लिहून ठेवते, कारण नव्याने येणाऱ्या मुलांना हे परत परत सांगावं लागतं. मेंदूतल्या पेशींची विद्युत हालचाल कवटी ओलांडून डोक्याच्या त्वचेपर्यंत येते तेव्हा ती जेमतेम दहा ते शंभर मायक्रोव्होल्ट उरलेली असते. एक मायक्रोव्होल्ट म्हणजे व्होल्टचा दहा लाखावा भाग. खोलीच्या भिंतींतून ५० हर्ट्झची वीज खेळत असते आणि नुसती पापणी लवली तरी मेंदूच्या लहरींपेक्षा मोठी उसळी येते. अशात इलेक्ट्रोड (डोक्यावर बसवायची धातूची चकती) आणि त्वचा यांच्यातला इम्पीडन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, जास्त राहिला, तर पडद्यावर मेंदू कमी आणि भिंतीतली वीज जास्त दिसते. आम्ही तो १० किलोओमच्या खाली आणतो. तेलाचा थर असला की इलेक्ट्रोडखाली भरायचं वीजवाहक जेल त्वचेला धरतच नाही.

आधी गजरा काढून पाण्याच्या वाटीत ठेवला. "आजी, डोक्याला हात लावते हं," म्हणून अंबाडा सोडला. तो येतो नेमका तिथेच, डोक्याच्या मागच्या बाजूला, दृष्टीचं काम करणाऱ्या भागावरचे इलेक्ट्रोड बसतात. म्हणून मधोमध भांग पाडून मानेवर दोन सैल वेण्या घातल्या. नाकाच्या मुळाशी असलेल्या खाचेपासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत टेप धरून मध्य काढला. १९५८ साली हर्बर्ट जॅस्परने मांडलेली १०-२० पद्धत अजूनही याच टेपवर चालते. अंतरांचे १० आणि २० टक्के घेत जायचे, म्हणजे डोकं लहान असो की मोठं, इलेक्ट्रोड त्याच जागी येतो. मग इलेक्ट्रोडची टोपी चढवून तिच्या एकेका छिद्रातून काडीने केस बाजूला सारायचे, त्वचा दिसली की स्पिरिटच्या बोळ्याने पुसायची, आणि बोथट सुईच्या सिरिंजने जेल भरायचं. इम्पीडन्स उतरेल तसा पडद्यावरचा त्या इलेक्ट्रोडचा लाल ठिपका पिवळा होतो, मग हिरवा. बराच वेळ लागला. आजींना त्या वेळात डुलकी लागेल की काय अशी मला भीती होती, कारण पेंगुळलेल्या मेंदूच्या लहरी वेगळ्या असतात. म्हणून त्यांच्याशी गप्पा मारत राहिले. त्यांनी मला लसणीच्या चटणीत तीळ कधी घालायचे ते सांगितलं.

सगळे ठिपके हिरवे झाल्यावर मी त्यांना डोळे मिटायला सांगितलं. डोक्यामागच्या इलेक्ट्रोडच्या नोंदीत सेकंदाला साधारण नऊ-दहा अशा गोल, संथ लहरी उमटल्या. डोळे उघडले, लहरी मावळल्या. जर्मनीतल्या येना शहरात हान्स बर्गरने १९२४ साली माणसाचा पहिला ईईजी नोंदवला, १९२९ साली प्रसिद्ध केला, आणि हीच अल्फा लहर त्याने जगाला दाखवली. नोंद संपल्यावर मी प्रत्येकाला त्याची स्वतःची अल्फा दाखवते. आजींनी चष्मा लावून पाहिलं आणि विचारलं, "हे माझं आहे?" हो म्हटल्यावर सुनेला जवळ बोलावलं.

त्यांच्याकडून करून घेतलेलं काम सोपं होतं. एकसारखे आवाज ऐकायचे आणि मधेच वेगळा आला की बटण दाबायचं. त्या वेगळ्या आवाजानंतर साधारण ३०० मिलिसेकंदांनी मेंदूच्या नोंदीत एक धन (पॉझिटिव्ह) लाट येते. तिला पी३०० म्हणतात, १९६५ पासून ती माहीत आहे, आणि वय वाढतं तशी ती उशिरा येते. एकट्यादुकट्या आवाजात ती दिसत नाही, कित्येकांची सरासरी काढावी लागते. नोंदीतल्या नको असलेल्या लहरींचा गोंगाट निम्मा करायचा तर आवाज चौपट ऐकवावे लागतात. सत्तरीच्या माणसाला चौपट वेळ खुर्चीत कसं बसवणार? म्हणूनच जे करायचं ते आधी, केसांपाशी करायचं.

गेल्या आठवड्यात आमच्यात कुणीतरी सुचवलं की लांब आणि तेलकट केसांचे लोक वगळूया, वेळ वाचेल. मला ते अजिबात पटत नाही. वगळलं तर कोण उरेल? टक्कल पडलेले आजोबा, आणि बॉबकट केलेल्या शहरी बायका. मग आपण लिहिणार "वयस्कर भारतीयांचा मेंदू". अमेरिकेत हा प्रश्न कुरळ्या, दाट केसांच्या कृष्णवर्णीय लोकांबाबत आहे. कार्नेगी मेलन विद्यापीठात आर्नेल एटियेन या विद्यार्थिनीने आणि तिच्या सहकाऱ्यांनी २०२० साली घट्ट वेण्यांच्या मधल्या भांगात बसतील असे इलेक्ट्रोड दाखवले. आमच्या आजींना तर नवं यंत्रही नको. त्यांना शाम्पू, गरम पाणी आणि माझा अर्धा तास पुरतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेफ्री आर्नेट यांनी २००८ साली मानसशास्त्राच्या सहा अमेरिकी नियतकालिकांचा हिशेब मांडला, तेव्हा ९६ टक्के सहभागी अशा देशांतले निघाले जिथे जगाची फक्त १२ टक्के लोकसंख्या राहते. त्या हिशेबात आमच्या आजी जवळजवळ नाहीतच. आणि त्या दारापर्यंत आलेल्या असताना त्यांना केसांपायी परत पाठवायचं?

नोंद झाल्यावर बेसिनपाशी त्यांचे केस मी धुऊन दिले, ड्रायरने वाळवले, आणि गजरा सुनेने परत माळला.

शुक्रवारच्या बैठकीत मॅडमपुढे हे मांडणार आहे. वेळापत्रकात लांब केसांसाठी जादा अर्धा तास धरायचा आणि बेसिनला गीझर बसवायचा. थंडीत थंड पाण्याने म्हाताऱ्या माणसाचं डोकं धुणं बरोबर नाही. शिवाय नोंदवहीत एक रकाना वाढवायचा: कुणाची नोंद टाकून द्यावी लागली तर ती का. हालचालीमुळे, झोपेमुळे की केसांमुळे, हे स्पष्ट लिहायचं. "सिग्नल खराब असल्याने वगळले" एवढ्या एका ओळीत ते मिटवायचं नाही. पेपर लिहिताना तो रकाना जसाच्या तसा छापावा, हा माझा आग्रह राहील.