लॅबिरिंथ एकट्याने: शत्रूची कार्डं आपल्याच हातात

लॅबिरिंथ हा बोर्ड गेम मी जवळजवळ कायम एकट्यानेच खेळतो, आणि कोणाला हे सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो की समोर कोणी नसताना स्ट्रॅटेजी गेम खेळायचा म्हणजे हरवायचं तरी कोणाला. त्याचं उत्तर दोन वाक्यांत देता येत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितोय. माझं मत असं आहे की हा गेम एकट्याने खेळल्यावरच नीट उलगडतो. दोघांत खेळताना अर्धं लक्ष समोरच्याच्या मनात काय चाललंय याच्यात जातं आणि गेम जे सांगायला बघतोय ते निसटून जातं.

आधी ओळख करून देतो. पूर्ण नाव ‘लॅबिरिंथ: द वॉर ऑन टेरर, २००१–?’, डिझायनर व्होल्को रुन्के, जीएमटी गेम्सने २०१० मध्ये काढला. रुन्के सीआयएमध्ये अ‍ॅनालिस्ट होते आणि ते गेममध्ये जाणवतं, म्हणजे गुप्तहेरगिरीचा थरार वगैरे नाही, पण कशामुळे काय होतं याच्याबद्दल त्यांची ठाम मतं आहेत आणि ती नियमांत उतरलीयेत. १२० कार्डं, नकाशावर मोरोक्कोपासून इंडोनेशियापर्यंतचे मुस्लिमबहुल देश, शिवाय अमेरिका, युरोप, रशिया, चीन, भारत असे बाकीचे. एक खेळाडू अमेरिका, दुसरा जिहादी नेटवर्क. सोलो खेळताना आपण अमेरिका आणि दुसरी बाजू एक फ्लोचार्ट चालवतो, त्यालाच सगळे बॉट म्हणतात.

आता मूळ मुद्दा. प्रत्येक मुस्लिमबहुल देशाला कारभाराची एक पातळी असते, गुड म्हणजे १, फेअर म्हणजे २, पुअर म्हणजे ३, आणि त्याच्याखाली इस्लामिस्ट रूल, म्हणजे देश जिहादी बाजूच्या ताब्यात. जिहादी बाजूने त्या देशात सेल म्हणजे आपले छोटे गट उभे करायचे, प्लॉट म्हणजे हल्ल्याचा कट रचायचा किंवा उठाव करायचा तर फासा टाकायचा आणि फाशावर त्या पातळीएवढा किंवा त्याच्याहून कमी आकडा आला की जमलं. म्हणजे गुड देशात सहातून एकदाच जमणार, पुअर देशात निम्म्या वेळा जमणार. आणि अमेरिकेला त्याच देशात काम करायचं असेल तर कार्डाची ऑप्स किंमत, म्हणजे कार्डावरचा कृतीसाठीचा आकडा, निदान तेवढी लागते, म्हणजे पुअर देशात ३चंच कार्ड चालतं, फेअरमध्ये २चं पुरतं. एकाच आकड्यावर दोन्ही बाजूंचं सगळं अवलंबून आहे, कारभार बिघडला की त्यांचं सोपं होतं आणि त्याच वेळी आपलं महाग होतं. मला हा नियम म्हणजे अख्ख्या गेमचा गाभा वाटतो. सेल उडवत बसलं तर ते पुन्हा उगवतात, कारण जमीन तीच राहते.

दोघांत खेळताना हे कळत नाही असं नाही, पण एकटं असलं की समोरच्याला चकवण्याचा प्रश्नच उरत नाही आणि मग नजर आपोआप त्या आकड्याकडे जाते. कुठला देश पुअरचा फेअर करता येईल, कुठला फेअर घसरतोय, एवढंच दिसायला लागतं.

आणि मग कार्डं. ज्यांनी ट्वायलाइट स्ट्रगल हा शीतयुद्धावरचा बोर्ड गेम खेळलाय त्यांना ही पद्धत ओळखीची असेल. प्रत्येक कार्डावर १ ते ३ ऑप्स आणि एक घटना. घटना आपल्या बाजूची असेल किंवा तटस्थ असेल तर घटना किंवा ऑप्स यातलं एक निवडायचं. पण घटना शत्रूच्या बाजूची असेल आणि तिच्या अटी पूर्ण होत असतील तर आपण ते कार्ड ऑप्ससाठी खेळलं तरी घटना घडतेच. हातात नऊ कार्डं आली आणि त्यातली चार जिहादी बाजूची निघाली तर तो टर्न म्हणजे नुकसान कधी आणि किती सोसायचं याचा हिशोब असतो. बॉट जे करतो ते करतो, पण सगळ्यात वाईट गोष्टी बरेचदा माझ्याच हातून टेबलावर पडतात. कोणी समोर नसल्यामुळे त्याचं बिल फाडायलाही कोणी नसतं.

एक उदाहरण जवळून सांगतो. सद्दाम नावाचं जिहादी कार्ड आहे. इराक पुअर असेल, अमेरिकेचा विरोधक असेल आणि तिथे आपलं सैन्य नसेल तर जिहादी फंडिंग सरळ ९ वर जातं. फंडिंग म्हणजे त्यांचा पैसा, त्याच्यावर दोन गोष्टी ठरतात, त्यांना टर्नला किती कार्डं मिळणार आणि किती सेल भरतीला उपलब्ध असणार. फंडिंग ७ ते ९ असेल तर नऊ कार्डं, ४ ते ६ असेल तर आठ, ३ किंवा खाली गेलं तर सातच. दर टर्नच्या शेवटी ते आपोआप एकने उतरतं, म्हणजे प्लॉट अडवत राहिलं तर हळूहळू त्यांची नळी आवळली जाते आणि ही या गेममधली सगळ्यात समाधानाची गोष्ट आहे. ‘लेट्स रोल’ नावाच्या पहिल्या सिनॅरिओत फंडिंग सुरुवातीलाच ९ वर असतं. तर सद्दाम पहिल्याच टर्नला हातात आलं तर काय करायचं? लगेच खेळायचं, फंडिंग तसंही वरच आहे, घटना घडूनही काही बिघडत नाही आणि ऑप्स फुकटात पडतात. तेच कार्ड चार टर्न मेहनत करून फंडिंग ३ वर आणल्यानंतर आलं तर सगळी मेहनत एका कार्डात पाण्यात. मग ते शेवटपर्यंत धरून ठेवायचं, कारण हातातलं शेवटचं एक कार्ड न खेळता टाकून द्यायची सोय आहे. पण त्या एका जागेसाठी हातात आणखी दोन वाईट कार्डं उमेदवार असतात, आणि त्यातलं कुठलं टाकायचं हे टर्नच्या सुरुवातीलाच ठरवून बाकीच्यांचा क्रम लावावा लागतो. मी खरंच कार्डं टेबलावर उघडी मांडून क्रम लावतो. सोलोचा हा फायदा, लपवायचं कोणापासून.

अफगाणिस्तानचं सांगायलाच हवं. ‘लेट्स रोल’मध्ये तिथे सुरुवातीलाच इस्लामिस्ट रूल असतं, चार सेल बसलेले असतात, आणि जोपर्यंत नकाशावर कुठेही इस्लामिस्ट रूल आहे तोपर्यंत दर टर्नच्या शेवटी अमेरिकेची प्रेस्टीज, म्हणजे जगातली पत, एकने उतरते. त्यामुळे बहुतेक जण पहिल्याच टर्नला रेजीम चेंज करतात, म्हणजे सैन्य घुसवून सरकार उलथवतात, ३चं कार्ड आणि निदान सहा सैन्य-क्यूब लागतात. आता गणित बघा. सैन्याचे एकूण १५ क्यूब, त्यातले दोन सौदीत आणि दोन गल्फ स्टेट्समध्ये आधीच आहेत, ट्रॅकवर राहिले ११. सहा गेले की उरतात ५, म्हणजे आपण ‘लो इंटेन्सिटी’मधून ‘वॉर’मध्ये आलो आणि पुढच्या टर्नला नऊऐवजी आठच कार्डं. आणखी एक-दोन क्यूब कुठे पाठवले की ‘ओव्हरस्ट्रेच’, मग सात. आणि ते सहा लगेच परत आणता येत नाहीत, रेजीम चेंज झालेल्या देशात सेलपेक्षा पाच जास्त सैनिक मागे ठेवावेच लागतात. म्हणजे एक सेल जरी तिथे टिकून राहिला तरी सगळे सहाच्या सहा तिथेच अडकून. अफगाणिस्तानात शिरणं एका कार्डात होतं, बाहेर पडायला अख्खा गेम जातो. आणि २०१० साली छापलेल्या गेममध्ये हे आहे. २०२१ नंतर मी हा भाग खेळताना जरा थांबतोच.

त्याच्या उलट पाकिस्तान. सुरुवातीला फेअर आणि न्यूट्रल. तिथे ‘वॉर ऑफ आयडियाज’ करायचं, म्हणजे सैन्याशिवाय देशाला आपल्याकडे वळवायचं, तर २चं कार्ड पुरतं, फासा टाकायचा, प्रेस्टीज ७ असल्याचा एक गुण मिळतो, जगाचा कल आपल्या धोरणाच्या उलट असेल तर काही गुण वजा होतात, आणि बेरीज ५ किंवा जास्त झाली की पाकिस्तान अलाय म्हणजे आपला मित्रदेश होतो. बेरीज ४ आली तर मदतीचा मार्कर मिळतो, त्याने पुढच्या वेळी एक गुण वाढतो. दिसायला किती साधं काम आहे, ना सैन्य ना धडाका. पण पाकिस्तान जर इस्लामिस्ट रूलमध्ये गेला तर अण्वस्त्रांचे तीन डब्ल्यूएमडी (महासंहारक शस्त्रांचे) प्लॉट जिहादी बाजूच्या हाती लागतात, आणि असा एक प्लॉट अमेरिकेत यशस्वी झाला की गेम तिथल्या तिथे संपला, बाकी काहीही असो. त्यामुळे मी हाताशी २चं कार्ड असलं की आधी पाकिस्तानकडे बघतो. कश्मीर नावाचं जिहादी कार्डही डेकमध्ये आहे, पाकिस्तानात एक सेल वाढतो आणि देश विरोधाच्या दिशेने एक घर सरकतो. नकाशावर भारत आहे पण त्याची भूमिका हार्ड की सॉफ्ट, म्हणजे दहशतवादाबद्दल कडक की मवाळ, एवढीच. वर्षानुवर्षं ज्यांनी हे सगळं सोसलंय त्या देशाला एक मार्कर मिळावा हे वाचताना चमत्कारिक वाटतं, पण गेम वॉशिंग्टनमधल्या खुर्चीतून जग बघतो आणि तिथून तेवढंच दिसतं असं म्हणून मी ते मान्य केलंय.

मान्य न होणारी गोष्ट वेगळी आहे. या बोर्डवर सामान्य माणूस कुठेच नाही. प्लॉट फुटला की फंडिंग वाढतं, कारभार घसरू शकतो, प्रेस्टीज हलते, पण मेलेल्या माणसांसाठी कुठलाही ट्रॅक नाही. आणि ‘गुड’ कोणाच्या दृष्टीने गुड हा प्रश्न गेम विचारतच नाही. मला वाटतं हे खेळताना डोक्यात असू द्यावं. एकटं खेळताना निदान तेवढी उसंत मिळते, हातातलं कार्ड कशाबद्दल आहे ते बघायला, अबू घ्रैब (इराकमधला तुरुंग, जिथे अमेरिकी सैनिकांनी कैद्यांचा छळ केला) असं नाव असलेलं कार्ड नुसतं ऑप्सचा आकडा बघून पुढे सरकवू नये.

आता बॉट. बॉटची कार्डं उपडी असतात, एकेक उलटायचं आणि फ्लोचार्टवर वरून खाली जायचं. घटना खेळता येतेय का, येत असेल तर ती. नाहीतर ऑप्स, आणि त्यात आधी बघायचं कुठे मेजर जिहाद, म्हणजे देश ताब्यात घेणारा मोठा उठाव, शक्य आहे का, म्हणजे पुअर देशात सैन्यापेक्षा पाच सेल जास्त झालेत का. पैसा आटला असेल तर प्लॉटकडे वळतो, नसेल तर भरती, प्रवास वगैरे. वापरून उरलेले ऑप्सही वाया जात नाहीत, त्यांच्यासाठी ‘रॅडिकलायझेशन’चा वेगळा तक्ता आहे. प्लॉट तो उपडेच ठेवतो, कुठला १चा आणि कुठला ३चा ते आपल्याला माहीत नसतं, आणि अडवायला ३चं कार्ड लागतं, तेही आपल्या दोन कार्डांच्या पाळीत, नाहीतर पाळीच्या शेवटी फुटणार. दोन प्लॉट आणि हातात एकच ३चं कार्ड, ही वेळ प्रत्येक गेममध्ये येते आणि तेव्हा युरोपातला अडवायचा की इजिप्तमधला हे ठरवताना मी खूप वेळ घेतो.

बॉट हुशार नाहीये. तो तुमच्यासाठी सापळा रचत नाही, सौदी आणि इराक मिळून सहा रिसोर्स (देशाच्या वजनाचे गुण) होतात आणि ते दोन्ही देश इस्लामिस्ट रूलमध्ये गेले तर जिहादी बाजू जिंकते हे ओळखून तिकडे शिस्तीत चाल करत नाही. पण मला तो माणसापेक्षा जास्त पटतो. जगभर विखुरलेल्या नेटवर्कला एकच डोकं नसतं, ते जिथे जमेल तिथे फुटतं, जिथे पोकळी असेल तिथे शिरतं, आणि फ्लोचार्ट नेमकं हेच करतो. समोर माणूस असला की नेटवर्कला एक सूत्रधार मिळतो, सगळं आखीवरेखीव होतं, बुद्धिबळासारखं.

सोलोमध्ये अवघडपणाच्या पायऱ्या आहेत, कोहीरंट, अ‍ॅट्रॅक्टिव्ह, पोटंट, इन्फेक्शस, व्हिरुलंट अशा चढत्या, आणि पुढच्या पायरीत मागच्या सगळ्या अडचणी धरलेल्या असतात. नवीन असाल तर साध्यावरच सुरू करा आणि निदान फ्लोचार्ट न बघता बॉटची चाल सांगता येईपर्यंत वर जाऊ नका. इन्फेक्शसवर ते शेवटचं कार्ड टाकून द्यायची सोय जाते, आणि वर सद्दामचं जे सांगितलं ते सगळं बदलतं, मग वाईट कार्डं खेळावीच लागतात आणि पहिल्या टर्नपासून त्यांच्यासाठी जागा करत जावं लागतं. माझ्या मते गेमची खरी गोडी तिथून सुरू होते. नियम शिकायचे असतील तर प्लेडेकची डिजिटल आवृत्ती बरी आहे, हिशोब ती ठेवते, पण बॉट तिथे पडद्याआड चालतो आणि फ्लोचार्टवरून बोट फिरवत खाली जाताना जे कळतं ते तिथे कळत नाही. म्हणून पाच-सहा डाव झाले की बोर्डवर या.

एक्सपान्शन घ्यायचं असेल तर २०१६चं ‘अवेकनिंग’, ट्रेव्हर बेंडरचं, अरब स्प्रिंग आणि सीरियाचं यादवी युद्ध त्याच्यात येतं आणि अमेरिकेचाही बॉट मिळतो, म्हणजे जिहादी बाजू आपण खेळायची. मी ती बाजू घेत नाही, त्याऐवजी दोन्हीकडे बॉट लावतो आणि अमेरिकेचा बॉट कुठलं ३चं कार्ड कुठे घालवतो ते बघत बसतो, कारण तेच कार्ड मी कुठे घातलं असतं ते मी आधी वहीत लिहून ठेवलेलं असतं.