आत्ताच आणून ठेवा म्हणे

"शेरू म्हातारा झाला, आत्ताच दुसरा कुत्रा आणून ठेवा," काकू सहज बोलून गेल्या. आणून ठेवा! म्हणजे तो असतानाच त्याच्या मागची तजवीज. दिवसभर डोक्यातून जात नाही. त्या खोटं बोलल्या नाहीत, तेच टोचतंय. घरात आधी कोणी असं बोललं असतं तर... असो.

जिना चढताना ज्याचे मागचे पाय घसरतात, त्याच्या अंगावर पिल्लू सोडायचं? ते कान ओढणार, झोपू देणार नाही. सांधे दुखणारा कुत्रा गुरगुरला की बोलणी त्यालाच. पिल्लाचंही सोपं नाही. 8 आठवड्यांच्या आत आईपासून तोडू नये. कुत्र्यांच्या पैदास-विक्रीच्या 2017च्या नियमांप्रमाणे तेवढ्या लहान पिल्लाची विक्रीही चालत नाही. मग 16 आठवड्यांचं होईपर्यंत दर 3-4 आठवड्यांनी लस. तोवर रस्त्यावर न्यायचं नाही, पार्व्हो या जीवघेण्या जुलाबाच्या रोगाचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो.

आणि ऋतू? मे महिन्यात नागपूरचा पारा 45च्या पुढे, पावसाळ्यात गोचीड आणि त्यांच्यामुळे होणारा टिक फिव्हर, दिवाळीत फटाके. नवखा कुत्रा बावरून फाटकातून सुटला की परतीची वाट त्याला माहीत नसते. उरले डिसेंबर ते फेब्रुवारी.

एवढं सगळं पाठ आहे, मग एवढं लागलं काहून?

पिल्लू 12-13 वर्षं जगतं. तेव्हा माझं वय किती, हा हिशेब मी टाळत होते. गुडघे माझेही कुरकुरतात बावा. काकूंनी म्हातारा म्हटलं शेरूला, ओशाळले मी!

तर पिल्लू नकोच. 4-5 वर्षांची, नसबंदी झालेली, शांत मादी. नराशी तिचं बहुधा जमतं. निवारागृहात विचारायचं, दुसऱ्या कुत्र्यांत राहिली आहे का, ताटाजवळ कोणी गेलं तर काय करते. घरी आणण्याआधी रक्त तपासायचं. पहिली भेट घरात नाही, मोकळ्या मैदानावर. दोघांचे पट्टे दोन माणसांच्या हातात, सैल. तोंडासमोर तोंड न आणता, 10-15 फूट अंतर ठेवून एकाच दिशेला चालवायचं. पट्टा ताणला की भांडण पेटतं. घरी ताटं वेगळ्या खोल्यांत, हाडं-खेळणी उचलून ठेवायची, आणि दार बंद करून शेरूला झोपायला त्याची एकट्याची जागा.

कूलरसमोरची जागा मात्र तो मलाही देत नाही. उन्हाळ्याआधी दुसरा कूलर घ्यावाच लागेल.