ओळखदार म्हणून सही केली, त्यानंतरची गोष्ट

पोलीस ठाण्यातून फोन आला तेव्हा मी नागपुरात मानेवाड्याला दुकानाचं शटर वर करत होतो. "एका रजिस्ट्रीबद्दल चौकशी आहे, येऊन जा." आवाजात दम नव्हता, उलट आपुलकीच होती. दुपारी येतो म्हणालो. फोन ठेवला आणि मग आठवलं, आपण आयुष्यात एकाच रजिस्ट्रीला गेलो होतो आणि ती आपली नव्हती.

२०२१ ची गोष्ट. माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरण्याचं दुकान आहे. प्लॉटचे दलाल दिवसभर येत-जात असतात. त्यातल्या एकाशी बोलणं-चालणं होतं. एक दिवस म्हणाला, "भाऊ, रजिस्ट्रीला एक ओळखदार कमी पडून राहिला. दहा मिनिटांचं काम आहे, चला ना." दस्त नोंदवताना विकणारा माणूस तोच आहे हे सांगणारे दोन जण लागतात, ते ओळखदार. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात फोटो काढला, अंगठा टेकवला, सही केली. विकणाऱ्या म्हाताऱ्याला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहत होतो. येताना दलालाने पेट्रोलसाठी म्हणून दोन हजार हातात ठेवले. मी घेतले.

म्हातारा तोतया होता. बेशाच्या त्या प्लॉटचा खरा मालक भिलाईला राहत होता. २०२४ च्या नोव्हेंबरात तो प्लॉट बघायला आला, तर तिथे दुसऱ्याचं कंपाउंड.

त्या दुपारी मी ठाण्यात गेलो नाही, ते बायकोमुळे. ती म्हणाली, आधी शेजारच्या काकांना विचारा. काका कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेत. त्यांनी आधी मला पोलिसांच्या संकेतस्थळावरून एफआयआर काढायला लावला. दुसऱ्यांचे फॉर्म भरून देणाऱ्या मला हे सुचलं नव्हतं! आरोपी क्रमांक चार म्हणून माझं नाव होतं. कलमं ४२०, ४६७, ४६८, ४७१ आणि ३४, म्हणजे फसवणूक, बनावट दस्त आणि सगळ्यांनी मिळून केलेला गुन्हा. काकांनी चष्मा काढला. "चारशे वीसला आणि अडुसष्टला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तेवढंच असतं तर नोटीस देऊन बोलावतील, लगेच अटक करणार नाहीत असं म्हणता आलं असतं. सुप्रीम कोर्टाचा २०१४ चा तसा निकालच आहे. पण चारशे सदुसष्टला जन्मठेपेपर्यंत जातं. वकील बघ. आज."

वकील बघ म्हणणं सोपं आहे. आमच्या घराण्याला एकच वकील माहीत, वडिलोपार्जित वाटणीचा दावा लढलेले. संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी दोन पानं वाचली आणि कागद परत केले. "मी दिवाणीचा माणूस. अर्ज लिहून देईन, पण सत्र न्यायालयात उभं राहून अटकपूर्व जामिनाचा युक्तिवाद करायला रोज तेच काम करणारा पाहिजे. माझ्यावर शिकू नका." फीदेखील घेतली नाही. त्या माणसाबद्दल माझ्या मनात आजही सगळ्यात जास्त आदर आहे.

दुसऱ्या दिवशी दलालाचा भाऊ दुकानात आला. दलालाला रात्रीच उचललं होतं. "टेन्शन नका घेऊ, आपला मोठा वकील आहे. सगळ्यांचं एकच वकीलपत्र करू, खर्च वाटून घेऊ." मला हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू. त्याच्यासोबत त्या कार्यालयात गेलो. काचेचं दार, चार ज्युनिअर, भिंतीवर मंत्र्यांसोबतचे फोटो. मोठे वकीलसाहेब मला पाच मिनिटं भेटले. एफआयआर हातातही घेतला नाही. "दोन दिवसांत जामीन, गॅरंटी माझी. तिथे आपली सेटिंग आहे." फी एकरकमी, रोख, पावतीचं नाव नाही. ज्युनिअरने कोरं वकीलपत्र पुढे सरकवलं. पेन हातात असताना काकांचं वाक्य आठवलं: एकदा वकीलपत्र दाखल झालं की दुसरा वकील पहिल्याची ना-हरकत मागतो, म्हणून सही करायची घाई नको. बायकोला विचारून येतो म्हणालो आणि उठलो. नागपुरात यापेक्षा चांगलं निमित्त नाही.

पुढचे दोन दिवस काकांनी मला सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा न्यायालयात नेऊन बसवलं. हे कुणी सांगत नाही म्हणून सविस्तर लिहितो. सुनावणी सहसा खुल्या न्यायालयात होते. मागच्या बाकावर कुणीही बसू शकतो, फक्त मोबाइल बंद ठेवायचा. मी जामिनाच्या सुनावण्या ऐकल्या. कोणता वकील कागद न चाळता पान क्रमांक सांगतो, कोण तारीख मागतो, न्यायाधीशांनी प्रश्न विचारल्यावर कोण गडबडतो, हे कायदा न कळणाऱ्यालाही कळतं. आवाज मोठा असलेले पुष्कळ होते. एका मॅडमचा आवाज मागपर्यंत नीट येतही नव्हता, पण त्या बोलायला लागल्या की न्यायाधीश लिहून घेत होते.

रात्री दुकानात बसून ई-कोर्ट्सवर, म्हणजे न्यायालयांच्या खटल्यांची माहिती देणाऱ्या संकेतस्थळावर, वकिलाच्या नावाने शोध घेतला. तशी सोय आहे. मोठ्या साहेबांच्या नावावर खटल्यांचा ढीग होता, पण त्यातले बरेचसे चेकचे आणि अपघात भरपाईचे. मॅडमच्या नावावर कमी, पण जवळपास सगळे सत्र खटले आणि जामीन अर्ज. यावरून कुणाचा दर्जा ठरत नाही, हे मान्य. निकाल वकिलाच्या हातात नसतोच. पण रोजचं काम काय हे कळतं आणि मला तेवढंच हवं होतं.

मॅडमचं कार्यालय म्हणजे धंतोलीतल्या जुन्या घराची पुढची खोली. त्यांनी फीचा विषय काढलाच नाही. आधी दस्ताची नक्कल आणि सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदणीचा गोषवारा, मागितली, मी नेली नव्हती, म्हणून परत पाठवलं. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा पाऊण तास वाचत बसल्या. मग चष्म्यावरून बघत विचारलं, "तुम्ही विकणाऱ्याला ओळखत होता का?"

मी म्हणालो, दलाल ओळखत होता.

"मी तुम्हाला विचारलं."

"नाही."

"पैसे घेतले?"

मी बायकोलाही सांगितलं नव्हतं. ती शेजारीच बसली होती. मॅडम म्हणाल्या, "मला सांगितलेलं मी तुमच्या संमतीशिवाय न्यायालयातही सांगू शकत नाही. पण हे मला तपास अधिकाऱ्याकडून कळलं तर मी तुमच्या काही कामाची नाही." मी दोन हजार म्हणालो. बायको खिडकीबाहेर बघत राहिली.

मग त्यांनी विचारलं, दलालाचा वकील कोण? मी नाव सांगितलं. त्या हसल्या नाहीत. "त्याचा बचाव काय असणार? ओळखदारांनीच खात्री दिली, मी फक्त मध्यस्थ. आणि तुमचा? दलालाने फसवून नेलं. एकच वकील दोघांसाठी कसा बोलणार? कुणाला तरी खाली ठेवावं लागेल, आणि पैसे तो जास्त देणार आहे." दलालाच्या भावाला माझी एवढी काळजी काहून वाटत होती, ते तेव्हा लक्षात आलं.

आणखी एक गोष्ट. मोठ्या कार्यालयातल्या ज्युनिअरने मला बीएनएसचं, म्हणजे नव्या भारतीय न्याय संहितेचं, फसवणुकीचं कलम ३१८ लागेल म्हणून सांगितलं होतं. मॅडम म्हणाल्या, गुन्हा २०२१ चा, नवे कायदे १ जुलै २०२४ पासून. म्हणून कलमं जुन्या भारतीय दंड संहितेचीच राहतील, पण अर्ज आता करायचा म्हणून तो नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८२ खाली. एफआयआरमध्येही कलमं जुनीच होती. म्हणजे त्या मोठ्या कार्यालयात एफआयआर कुणी उघडूनच बघितला नव्हता.

मी धीर करून विचारलं, जामीन होईल ना? "सांगता येत नाही. तुमच्या बाजूने हे, की दस्त निबंधकाकडे आहे, फोटो-अंगठा आधीच नोंदीत आहे, सहीचा नमुना अटकेशिवायही देता येतो. विरोधात हे, की तोतया फरार आहे आणि तुम्ही त्याला ओळखतो असं लिहून दिलंय. इथे नाकारला तर हायकोर्टाच्या खंडपीठात जाऊ." फी त्यांनी टप्प्यांनी सांगितली: सत्र न्यायालयाचा अर्ज, लागलं तर हायकोर्ट, पुढे खटला. प्रत्येकाची वेगळी, पावतीसह. स्वस्त नव्हती. बायकोची एफडी मोडली, त्यावर अजून आमच्यात नीट बोलणं झालेलं नाही.

सूचना तीनच होत्या. फोन बंद करून गावाला पळायचं नाही. दलालासोबतचे व्हॉट्सॲप मेसेज पुसायचे नाहीत, पुसले तर तोच वेगळा संशय. ठाण्यातून पुन्हा फोन आला तर वकिलाचं नाव सांगायचं.

२ डिसेंबरला अर्ज लागला, दोन दिवसांनी अटकेपासून अंतरिम संरक्षण मिळालं, आणि सरकार पक्षाच्या 'से'साठी, म्हणजे लेखी म्हणण्यासाठी, १७ तारीख पडली. आता हे नागपूर. १५ ला राजभवनात मंत्रिमंडळाचा शपथविधी, १६ पासून हिवाळी अधिवेशन. सगळं पोलीस खातं बंदोबस्तात. १७ ला तपास अधिकारी आलेच नाहीत, 'से' आला नाही, आणि मी पोस्टरांनी भरलेल्या सिव्हिल लाइन्समधून वळसे घेत घरी परतलो. २३ ला युक्तिवाद झाला. सरकारी वकिलांनी तोतयाचाच मुद्दा जोरात मांडला. मॅडम वीस मिनिटं बोलल्या, मला अर्धंच ऐकू आलं. एक मात्र ऐकलं, मी विकणाऱ्याला ओळखत नव्हतो हे त्यांनी स्वतःहून सांगितलं. माझ्या पोटात गोळा आला. नंतर बाहेर म्हणाल्या, लपवण्यासारखं नव्हतंच, त्यांनी काढण्याआधी आपण सांगितलेलं बरं.

जानेवारीत संरक्षण कायम झालं. पंचवीस हजारांचा जातमुचलका, एक जामीनदार, दर सोमवारी आणि गुरुवारी ठाण्यात हजेरी. पहिल्या हजेरीला ज्या हवालदाराने फोन केला होता त्यानेच रजिस्टर पुढे केलं. "त्या दिवशी आले नाही तुम्ही." मी काही बोललो नाही.

दुसरा ओळखदार ऑटोवाला होता. त्याला सांगणारं कुणी नव्हतं, तो बोलावल्या दिवशीच ठाण्यात गेला आणि वर्धा रोडच्या मध्यवर्ती कारागृहात दीड महिना राहिला. कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, हे त्याला आतच कळलं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने वकील दिला आणि त्याच वकिलाने त्याचा जामीन केला. फुकटचा वकील म्हणजे कसातरी, असं मी समजत होतो.

दोषारोपपत्र आलं तेव्हा तो ऑटो घेऊन माझ्या दुकानात आला, त्याच्या वकिलासाठी आणखी एक प्रत काढायला. दोनशेच्या वर पानं. मशीन गरम होऊन दोनदा थांबलं. पैसे देऊ लागला, मी घेतले नाहीत.

"भाऊ, पेशीला तुमच्या मॅडम येतात ना?"

"येतात. तुझा वकील?"

"तो तर आपल्या आधी येऊन बसलेला असते."