ब्रायटनचे एल्म

इंग्लंडमधल्या आमच्या ब्रायटन शहरात प्रेस्टन पार्कजवळच्या दोन म्हाताऱ्या एल्मच्या झाडांना इथले लोक प्रेस्टन ट्विन्स म्हणायचे, वय साधारण 400 वर्षं, त्यातला एक 2019 च्या डिसेंबरमध्ये तोडावा लागला. कारण डच एल्म डिसीज. मला अजूनही त्याचं फार वाईट वाटतं. एल्म कधी पाहिला नसेल तर आपला वावळ आठवा, तो याच कुळातला, बियाही तशाच पापडीसारख्या, वाऱ्यावर उडणाऱ्या.

रोग बुरशीचा आहे पण ती पसरते भुंगेऱ्यांमुळे. हे भुंगेरे अगदी बारीक, मरत असलेल्या एल्मच्या सालीखाली अंडी घालतात, नवी पिल्लावळ बाहेर पडते ती अंगावर बुरशी घेऊनच, आणि मग निरोगी झाडावर जाऊन कोवळ्या फांद्यांच्या बेचक्यात साल कुरतडते. बुरशी पाणी वाहणाऱ्या नळ्यांमध्ये शिरली की झाड तिला अडवायला त्याच नळ्या बंद करायला लागतं आणि शेवटी त्याचंच पाणी तुटतं!! ऐन उन्हाळ्यात एखादी फांदी पिवळी पडते, पानं गळतात, त्या फांदीची साल सोलली की आत तपकिरी रेघा. शेजारच्या झाडांची मुळं एकमेकांत जुळलेली असली तर भुंगेऱ्याचीही गरज नाही, रोग खालूनच जातो.

1960 च्या दशकात उत्तर अमेरिकेतून आलेल्या लाकडांबरोबर याची जास्त घातक बुरशी ब्रिटनमध्ये आली आणि अडीच कोटींच्या वर एल्म गेले. त्यात इंग्लिश एल्म बियांपासून जवळपास वाढतच नाही, मुळांच्या फुटव्यांवर वाढतो, म्हणजे सगळी झाडं जवळजवळ एकसारखी, एकाला जे झेपत नाही ते कुणालाच झेपत नाही.

तरी ब्रायटनमध्ये हजारो एल्म उभे आहेत. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला डाउन्सच्या उघड्या टेकड्या, त्यामुळे भुंगेऱ्यांना यायला वाट कमी, पण खरं श्रेय कौन्सिलच्या झाडवाल्या लोकांचं, आजारी झाड दिसलं की वेळ न घालवता तोडायचं हे ते वर्षानुवर्षं करत आलेत.

आणि आनंदाची गोष्ट म्हणजे डच लोकांनी रोगाला टक्कर देणाऱ्या जाती तयार करताना आपल्या हिमालयातला एल्म वापरला, लोबेल आणि डोडोन्स त्यातूनच आल्या.

इथे ज्यांच्या घरी लाकडाची शेगडी आहे त्यांना कळकळीची विनंती, बाहेरून सालीसकट एल्मची लाकडं आणू नका, भुंगेरे त्या सालीतूनच शहरात येतात. लाकूड कशाचं आहे ते विकणाऱ्याला विचारा आणि त्याला सांगता येत नसेल तर घेऊच नका.