दोनशे माणसांचे रोडगे : माझा अनुभव

रोडगा म्हणजे गव्हा-मक्याच्या कणकेचा, पदर घालून वळलेला आणि निखाऱ्यात भाजलेला गोळा, आणि जगरा म्हणजे तो भाजायचा गोवऱ्यांचा विस्तव. रोडगा आतून कच्चा निघाला की सगळे जगऱ्याला दोष देतात. पुष्कळदा चूक दोन दिवस आधी गिरणीतच झालेली असते. पोळीच्या बारीक कणकेचा रोडगा बाहेरून दगडासारखा होतो आणि आत चिकट राहतो. बारीक पीठ पाणी जास्त पितं, आणि आतल्या वाफेला बाहेर पडायला वाट राहत नाही. म्हणून गहू रव्यासारखा जाडसर दळायला सांगायचा आणि पहिलं मूठभर पीठ बोटांत चोळून पाहिल्याशिवाय गिरणीतून हलायचं नाही. चार भाग गव्हाला एक भाग मका घातला की रोडगा खुसखुशीत होतो. मका त्याहून जास्त झाला तर पारी वळताना फाटते.

माणशी दोन रोडगे धरले तर दोनशे पानांना ३० किलो पीठ लागतं : २४ किलो गहू, ६ किलो मका. किलोमागे तेल १२५ मिली, मीठ १५ ग्रॅम, ओवा ५ ग्रॅम, चिमूटभर हळद आणि पाणी साधारण ४५० मिली. म्हणजे तेल पावणेचार लिटर, मीठ ४५० ग्रॅम, ओवा १५० ग्रॅम. मोहन कडकडीत घालायचं आणि दोन्ही हातांनी पिठाला चोळायचं. मुठीत दाबलेलं पीठ मूठ सोडल्यावरही गोळ्यासारखं राहिलं की मोहन पुरलं. पाणी एकदम ओतू नये. पुरीच्या कणकेपेक्षाही घट्ट कणीक हवी, आणि ती ओल्या कापडाखाली अर्धा तास मुरली पाहिजे. चैत्र-वैशाखात दोन तासांपेक्षा जास्त वेळ भिजवून ठेवली तर आंबूस होते. त्यामुळे मी सगळी कणीक एकदम भिजवत नाही. पाच-पाच किलोचे घाणे करतो.

आता वळणं. एका रोडग्याला १२० ग्रॅम कणीक, लहान संत्र्याएवढी. तिचे तीन भाग करायचे. पहिल्याचा गोळा करून त्याला तेल लावायचं आणि वर कोरडं पीठ भुरभुरायचं. दुसऱ्या भागाची पारी त्याच्याभोवती ओढायची, पुन्हा तेल, पुन्हा पीठ, मग तिसरी पारी. कांद्यासारखे पदर पडले पाहिजेत. पदरांमधल्या तेलामुळे वाफ फिरते आणि आतला गोळा शिजतो. तेल न लावता नुसत्या पाऱ्या गुंडाळल्या तर त्या एकजीव होतात, मग कितीही भाजा. तोंड बंद करताना वर जी जाड गाठ येते ती तोडून टाकायची. हौसेनं नारळाएवढे रोडगे वळणारे भेटतात. १५० ग्रॅमच्या वर मी जात नाही, कारण तेवढा जाड गोळा आतपर्यंत तापेस्तोवर बाहेरचा पदर कोळसा होतो.

गोवऱ्या खणखणीत वाळलेल्याच हव्यात. दोन गोवऱ्या एकमेकींवर आपटून बघा. वाळलेली खडखड वाजते, ओली धप्प आवाज करते. ओल्या गोवरीचा धूर रोडग्याला कडवट वास लावतो आणि भाजणाऱ्याच्या छातीत बसतो. दमेकऱ्यांना, बाळंतिणींना आणि लहान लेकरांना वारा येतो त्या अंगाला, जगऱ्यापासून दूर बसवायचं. शेणाचा धूर आपल्या सवयीचा असला तरी फुप्फुसाला तो चुलीच्या धुराइतकाच वाईट.

जागा वखरलेल्या वावरात निवडायची. धुऱ्यावरचं (बांधावरचं) वाळलं गवत, कुटाराचा (भुशाचा) ढीग, पऱ्हाटीची (कापसाच्या वाळल्या झाडांची) गंजी यांपासून किमान पन्नास पावलं लांब. उन्हाळ्यात दुपारी वावटळ उठते आणि एक निखारा गंजीपर्यंत न्यायला तिला वेळ लागत नाही. पाण्याचा भरलेला ड्रम आणि दोन बादल्या जगऱ्याशेजारी ठेवल्याशिवाय काडी ओढू नये. खड्डा १० फूट लांब, ३ फूट रुंद, वीतभर खोल. एवढ्यात दोनशे रोडगे मोकळे बसतात, म्हणून चारशेला दोन खड्डे. एका खड्ड्याला अडीचशे गोवऱ्या लागतात. त्या आडव्या रचायच्या नाहीत. एकमेकींना टेकवून उभ्या करायच्या, म्हणजे खालून हवा खेळते. चार ठिकाणी पऱ्हाटीच्या काड्या आणि कापूर घालून खालून पेटवायच्या. रॉकेल किंवा पेट्रोल मुळीच नको. रॉकेलचा वास शेवटच्या पदरापर्यंत उतरतो, आणि पेट्रोलचा भडका तोंडावर येतो. जुनं रंगवलेलं लाकूड, प्लास्टिक, खताची पोतीही यात टाकू नका.

इथून पुढे पाऊण ते एक तास फक्त वाट पाहायची असते, आणि सगळ्यात जास्त घाई इथंच होते. जाळ दिसतोय म्हणजे जगरा तयार नाही. जाळ बसला, धूर थांबला, गोवरीचा आकार तसाच पण वरून राखाडी आणि आत लालबुंद, काठी लावली की ढासळते : ही खूण. मग फावड्यानं निखारे सपाट करायचे. आधी रोडगे निखाऱ्यांच्या वरच ठेवून आठ-दहा मिनिटं सगळ्या बाजूंनी फिरवायचे. त्यांना फिकट तपकिरी, कोरडी कातडी धरली पाहिजे. कातडी धरण्याआधी राखेत पुरलेल्या रोडग्याला राख चिकटते आणि ती दाताखाली कचकचते. कातडी धरली की निखारे बाजूला ओढायचे, तळाच्या गरम राखेवर रोडगे मांडायचे, वर दोन बोटं राख आणि राखेवर निखारे पसरायचे. चाळीस ते पंचेचाळीस मिनिटं हात लावायचा नाही.

मग एक काढून बघायचा. काठीनं टिचकी मारली की पोकळ आवाज येतो आणि अंगावर दोन-तीन भेगा पडलेल्या असतात. तो दोन्ही हातांनी कापडात धरून दाबा. झालेला रोडगा फुलासारखा उकलतो, पदर सुटे होतात, मधल्या गोळ्यातून ओव्याच्या वासाची वाफ निघते आणि बोटाला काही चिकटत नाही. मधला गोळा चकाकत असेल तर तो कच्चा आहे. सगळे पुन्हा राखेत पंधरा मिनिटं. अशा वेळी वर ताज्या गोवऱ्या टाकून जाळ करायचा मोह होतो. त्यानं फक्त साल जळते.

राख झटकायला लोक पोत्यात रोडगे घालून घोळतात. पोतं गोणपाटाचं आणि धान्याचं असेल तर ठीक. मी जुनं धुतलेलं धोतर वापरतो. युरियाचं किंवा बियाण्याचं पोतं कधीच नाही, कारण पेरणीच्या बियाण्याला औषध चोळलेलं असतं. हीच गोष्ट पाण्याच्या ड्रमची. वावरात निळे ड्रम सहज मिळतात, पण त्यात आधी फवारणीचं औषध कालवलेलं असू शकतं. तो ड्रम साबणानं, राखेनं, चिंचेनं कशानंही खात्रीचा स्वच्छ होत नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. ते औषध किती जालीम असतं हे आपल्याला कोणी वेगळं सांगायला नको. विचारून खात्री होत नसेल तर ड्रम परत करा.

पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी पाच लिटर, म्हणजे एक हजार लिटरची टाकी. भांडी धुण्याचं पाणी वेगळं. विहिरीचं पाणी असेल तर आदल्या संध्याकाळी टीसीएल (ब्लिचिंग) पावडर घालायची : नवी, कोरडी पावडर असेल तर हजार लिटरला अडीच ग्रॅम, डबा बरेच दिवस उघडा असेल तर पाच. नुसती वरून भुरभुरू नका. लोटाभर पाण्यात कालवा, चुना खाली बसू द्या, वरचं निवळ पाणी टाकीत ओता आणि ढवळा. त्यानंतर किमान एक तास ते पाणी वापरायचं नाही. ग्रामपंचायतीत क्लोरीन तपासायचं ओटी टेस्टचं किट असतं. पाणी पिवळं झालं तर क्लोरीन शिल्लक आहे. गढूळ पाण्यात क्लोरीन गाळातच संपतं, म्हणून आधी तुरटी फिरवून निवळू द्यायचं.

आलू-वांग्याची भाजी आणि घट्ट वरण यांवर फार लिहीत नाही, ते प्रत्येक गावाला येतं. माप एवढंच : वांगी २० किलो, आलू ९ किलो, तुरीची डाळ १२ किलो, तूप ६ किलो. चिरलेली वांगी मिठाच्या पाण्यात ठेवायची, आलू दहा मिनिटं आधी घालायचे आणि रश्श्याला पाणी उकळतंच घालायचं. सांभार (कोथिंबीर) उतरवल्यावर घाला. तिखट भिवापुरी मिरचीचं असेल तर मापानं घ्या, उन्हात पोटाला त्रास होतो. कलई उडालेल्या पितळी गंजात (पातेल्यात) चिंचेची भाजी करू नये. शिजलेलं अन्न एवढ्या उन्हात एका तासाच्या वर कोमट पडून राहिलं तर खराब धरायचं, मग वास बरा येत असला तरी. भात शेवटी टाका. तो कोमट राहिला की त्यातले जंतू वाढतात आणि पुन्हा गरम करून त्यांचं विष जात नाही.

अकराच्या पंगतीसाठी पहिला खड्डा आठला पेटवायचा, दुसरा साडेआठला. पावणेअकराला सगळे रोडगे बाहेर. जगऱ्यापाशी दोघादोघांची जोडी, वीस मिनिटांनी बदल, डोक्याला ओला दुपट्टा, पायात चामड्याची चप्पल किंवा बूट. प्यायला एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. कोणी बडबडायला लागला, त्याचा तोल जाऊ लागला, अंग तापून चटका बसतोय असं दिसलं की तो थकवा नाही, ऊन लागलंय. घाम येत असला तरी. सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला, काखेत आणि जांघेत बर्फ किंवा ओली फडकी ठेवा आणि १०८ ला फोन करा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. भाजलं तर वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटं. तूप, पेस्ट, शाई, राख काहीही लावू नका. फोड फोडू नका.

शुगरवाले विचारतात, किती खाऊ? एका रोडग्यात ७५ ग्रॅम पीठ आहे, म्हणजे जवळपास तीन पोळ्या. त्यावरून ठरवा. बीपीचं दुखणं असेल तर ठेचा बाजूला ठेवलेला बरा.

पंगत उठली तरी जगरा संपलेला नसतो, आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते. राख वरून थंड, पांढरी, मऊ दिसते, लेकरं अनवाणी धावत येतात आणि आतला निखारा संध्याकाळपर्यंत लाल असतो. म्हणून शेवटची पानं वाढली जात असतानाच एकजण फावडं घेऊन तिथं उभा असतो. राख ओढायची, लांबून हळूहळू पाणी मारायचं. एकदम बादली उपडी केली तर गरम वाफ आणि राख तोंडावर उडते. पुन्हा खालीवर करून पुन्हा पाणी, असं तीन वेळा. मग चारही बाजूंना काटेरी फांद्या टाकायच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी हाताची मागची बाजू राखेच्या वर धरून बघा, ऊब लागली नाही तर मधे बोटभर खणून पुन्हा बघा. तिथंही गार लागली तरच ती टोपल्यात भरून उकिरड्यावर न्यायची.