बेळगावात शिकायला येताय? आधी गोकाकची पाटी वाचायला शिका

मी सातारची, बेळगावात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. निघताना घरचे म्हणाले होते, "बेळगाव काय, आपलंच की!" गणपत गल्लीत भाजी घ्या, शहापुरात कापड बघा, टिळकवाडीत खोली शोधा, सगळं मराठीत होतं. आमच्या घरमालकीण काकू रोज दारातून विचारतात, "काय करूलालीस गं? जेवलीस काय?" पहिले दोन महिने मला परमुलखात आल्यासारखं वाटलंच नाही.

ते वाटलं मध्यवर्ती बसस्टँडवर. ऑगस्टमधला रविवार होता आणि गोकाकचा धबधबा बघायला निघाले होते. तासभर उभी राहिले. शेवटी एका मावशींना विचारलं तर त्या म्हणाल्या, "अगं, आता तुझ्यासमोरनंच गेली की!" पाटी कन्नडमध्ये होती आणि मला एक अक्षर येत नव्हतं. त्या दिवशी परत फिरले.

खोलीतली मैत्रीण धारवाडची. तिनं रात्री वहीत 'गोकाक' लिहून दिलं. पहिलं अक्षर कमानीसारखं, डोक्यावर तुरा. मागची दोन जवळपास सारखीच, फक्त मधल्याला काना. मग 'खानापूर', 'बेळगावी', 'निपाणी'. दहा-बारा गावांची नावं आठवडाभर गिरवली. नवीन येणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं हेच आहे: अख्खी बाराखडी राहू द्या, गावांची नावं चित्रासारखी ओळखा. आणि एक वाक्य पाठ करा, "गोकाक होगतैतेन्री?" म्हणजे "गोकाकला जाते का हो?" तुमचे उच्चार ऐकून कंडक्टर बहुतेक वेळा मराठीतच उत्तर देतो, पण आधी कन्नडमध्ये विचारलं की त्याचा चेहरा खुलतो.

मुलींसाठी आणखी एक. २०२३ पासून कर्नाटकातल्या बायकांना सरकारी साध्या बसमध्ये प्रवास मोफत आहे, पण आपलं आधार महाराष्ट्राचं. माझं कार्ड बघून कंडक्टर शांतपणे म्हणाला, "टिकेट तगोरी," म्हणजे तिकीट घ्या. बस बायकांनी भरलेली आणि त्यांच्यात पूर्ण पैसे देणारी मी एकटी. तेव्हा सुट्टे पैसे जवळ ठेवा.

पुढच्या रविवारी गोकाक गाठलंच. गावातून धबधबा सहा किलोमीटरवर आहे, बस किंवा वडाप, म्हणजे शेअर जीप, मिळतं. घटप्रभा नदी तिथं सुमारे ५२ मीटर खाली कोसळते. पावसाळ्यात पाणी मातकट लाल असतं, आणि आवाज इतका की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं. मी कातळावर बसले होते, ओढणी पाच मिनिटांत तुषारांनी जड झाली. काठावरची ब्रिटिशकाळातली सूतगिरणी, महालिंगेश्वराचं जुनं देऊळ आणि वर लोंबणारा झुलता पूल, सगळं एका नजरेत येतं. पुलावर सोडतातच असं नाही, त्यावर बेत ठरवू नका. शेवाळलेल्या कातळावर कडेला जाऊ नका, पाय सटकला तर धरायला काही नाही. जुलै ते सप्टेंबर सर्वांत चांगला, उन्हाळ्यात नुसता खडक दिसतो. परतताना गावातून करदंट घ्या. डिंक, गूळ आणि सुक्या मेव्याची ही वडी परीक्षेच्या रात्री फार उपयोगी पडते.

मला स्वतःला मात्र हलशी जास्त आवडली. खानापूरला रेल्वेनं किंवा बसनं जायचं, तिथून हलशीची बस. वाटेत नंदगड लागतं, जिथं इंग्रजांविरुद्ध लढणाऱ्या संगोळ्ळी रायण्णाला १८३१ मध्ये फाशी दिली. हलशी ही कदंब राजघराण्याची जुनी राजधानी. भूवराह नरसिंह मंदिरात दोन गाभारे समोरासमोर आहेत, म्हणजे एका देवाला नमस्कार करताना दुसऱ्याकडे पाठ होते. मी मधोमध उभी राहून दोन्हीकडे हात जोडले. तिथं गर्दी नाही, हॉटेलही धड नाही. डबा न्या आणि उतरतानाच परतीच्या बसची वेळ कंडक्टरकडून पक्की करून घ्या. बस मोजक्याच आहेत.

शहरात एक सकाळ किल्ल्यासाठी ठेवा. आतल्या कमल बस्तीत, १२०४ च्या सुमाराच्या जैन मंदिरात, छतातून दगडी कमळ खाली लोंबतं. मान दुखेपर्यंत बघत राहिले.

पत्ते इथं रेल्वे फाटकांवरून सांगतात: पहिलं गेट, दुसरं गेट, तिसरं गेट. खोली बघायला जाताना कुठलं गेट ते आधी विचारा. पावसाळ्यात कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, जादा जोड आणा. जेवणात कडक भाकरी आणि भरलं वांगं मिळणारी खानावळ शोधली की मेसचा कंटाळा जातो. कुंदा, ही इथली दुधाची मिठाई, घरी न्यायचा असेल तर निघायच्या दिवशीच घ्या.

१ नोव्हेंबरच्या आसपास मात्र बसनं गावी जायचा बेत करू नका. त्या दिवशी एकीकडे कर्नाटकच्या स्थापनेचा राज्योत्सव, दुसरीकडे बेळगाव महाराष्ट्रात नाही म्हणून मराठी माणसांचा निषेधाचा काळा दिन असतो. वातावरण तापलं की दोन्ही राज्यांच्या बस सीमेवर थांबतात. माझ्या पहिल्याच वर्षी तसं झालं आणि मी सीमेवरच्या कोगनोळी नाक्याआधी उतरून बॅगा ओढत चालले. आता मी मिरजमार्गे रेल्वेचं तिकीट महिनाभर आधी काढते. मिरजेला गाडी बदलली की साताऱ्याला जेवायच्या वेळेला घरी.